आजोबांचे गाव चीनमध्ये असेल तर…

वर्ध्याहून नागपूर, भंडारा, तुमसर या वाटेने निघाले की महाराष्ट्राची हद्द संपताच बालाघाट जिल्ह्यातील तिरोडी हे मँगनीजच्या खाणींचे गाव लागते. या गावात वांग छी नावाचे चिनी गृहस्थ अनेक दशके राहिले. गावकरी त्यांना राजबहादूर म्हणत. ते चिनी सैन्यात सर्वेक्षक होते. १९६२ चे युद्ध संपल्यानंतर, जानेवारी १९६३ मध्ये ते भारताच्या हद्दीत सापडले. जंगलात वाट चुकलो, असे त्यांचे सांगणे. पुढील सहा-सात वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली, १९६९ मध्ये सुटका झाली आणि सरकारने त्यांना तिरोडीला आणून ठेवले. पिठाच्या गिरणीत काम मिळाले, १९७५ साली तेथील मुलीशी विवाह झाला, मुलेबाळे झाली. चीनमधील घर मात्र पत्रांपुरतेच उरले.

आईचा आवाज त्यांनी टेलिफोनवर ऐकला तो २००२ साली, म्हणजे जवळजवळ ४० वर्षांनी. चार वर्षांनंतर, २००६ मध्ये आई वारली. २००९ मध्ये एक पुतण्या पर्यटक म्हणून भारतात आला आणि त्याच्या मदतीने कागदपत्रांची जुळवाजुळव झाली. २०१३ मध्ये चिनी पासपोर्ट मिळाला. प्रत्यक्ष प्रवास घडला तो फेब्रुवारी २०१७ मध्ये. मुलगा, सून आणि नात यांना घेऊन आजोबा शान्शी प्रांतातील आपल्या गावी पोहोचले, तेव्हा ५४ वर्षे उलटली होती. वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून ते दृश्य अनेकांनी पाहिले असेल.

आमच्या बहुसंख्य वाचकांची मुळे चीनमध्ये नाहीत, हे आम्ही जाणतो. तरीही हे उदाहरण घेतले, कारण पूर्वजांच्या गावी तीन पिढ्यांनी मिळून जाण्यात ज्या ज्या अडचणी येतात त्या सर्व येथे एकवटलेल्या आहेत: सीमा, भाषा, लिपी, बदललेली नावे, हरवलेली कागदपत्रे आणि सर्वांत कठोर म्हणजे ज्येष्ठांचे वय. पासपोर्ट उशिरा मिळाला तरी मिळतो. २००६ नंतर मात्र वांग छी यांना आई भेटणे शक्य नव्हते. म्हणून अशा सहलीची आखणी नातवंडांच्या हौसेपासून न करता घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीच्या प्रकृतीपासून करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘पुढच्या वर्षी पाहू’ हे वाक्य अशा घरांत फार महाग पडते.

महाराष्ट्रात चिनी वंशाची कुटुंबे मुख्यतः मुंबईत स्थिरावली. माझगाव येथे १९१९ साली उभारलेले ‘सी यिप’ मंदिर आजही आहे. सी यिप म्हणजे चार तालुके. ग्वांगडोंग प्रांतातील थायशान, शिनहुई, खायपिंग आणि अनपिंग हे ते तालुके. त्या भागातून आलेल्या दर्यावर्दी व कारागिरांनी आपल्या गावाकडच्या माणसांसाठी ही वास्तू बांधली. कोलकात्यातील हक्का समाजाची मुळे प्रामुख्याने मेईश्यान भागात, तर अनेक गावांत दातांचे दवाखाने थाटणाऱ्या चिनी कुटुंबांची हुबेई प्रांतात. १९६२ च्या युद्धाने या सर्वांचे आयुष्य ढवळून निघाले. आसाम व बंगालमधून सुमारे ३,००० चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानातील देवलीच्या छावणीत नेऊन ठेवण्यात आले. (नावाच्या साधर्म्याने कोणी आपल्या वर्धा जिल्ह्यातील देवळी समजू नये.) काहींना चीनला धाडण्यात आले, पुढे अनेक जण कॅनडाला गेले. आसामातील माकुमच्या अशा कुटुंबांवर रीता चौधरी यांनी ‘माकाम’ ही असमिया कादंबरी लिहिली आहे. ज्या घरांनी हे सोसले त्यांतील वडीलधारी माणसे पुष्कळदा बोलतच नाहीत. मुलांना वाटते, आजीला काही आठवत नाही. वस्तुतः आठवते, परंतु ते बोलण्याची भीती तिच्या मनात अजून घर करून आहे. अशा ठिकाणी प्रश्नावली घेऊन बसू नये. जुना फोटो समोर ठेवावा आणि वाट पाहावी.

प्रवासाला निघण्यापूर्वी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पूर्वजाचे नाव चिनी अक्षरांत मिळवणे. चिनी नावात आडनाव आधी येते. वांग छी यांतील ‘वांग’ हे आडनाव आहे. एकच अक्षर कँटनच्या बोलीत ‘चॅन’, तर उत्तरेकडील बोलीत ‘छन’ असे उच्चारले जाते. ‘वाँग’ असे इंग्रजीत लिहिलेले आडनाव मुळात दोन निराळ्या आडनावांपैकी कोणतेही असू शकते. देवनागरीत किंवा रोमन लिपीत लिहिलेल्या नावावरून गावी शोध घेणे म्हणूनच जवळजवळ अशक्य ठरते. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या मुलाचे नाव इन्हुआ ठेवले होते. त्यातील ‘इन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन, हे अक्षरे पाहिल्यावरच उलगडते.

ही अक्षरे मिळण्याची हमखास जागा म्हणजे थडगे. चिनी रिवाजानुसार थडग्याच्या शिळेवर मृताच्या नावाबरोबर त्याच्या मूळ तालुक्याचे, कधी गावाचेही नाव कोरतात. मुंबईत अँटॉप हिल येथे चिनी दफनभूमी आहे. शिळेचे स्वच्छ छायाचित्र काढले की अर्धे काम होते. वाचून देणारा कोण, हा प्रश्न वर्ध्यात तरी फार अवघड नाही. येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात चिनी भाषाही शिकवली जाते.

गावी पोहोचल्यावर ज्याचा आधार घ्यायचा ती वस्तू म्हणजे ‘ज्यापू’, कुळाची वंशावळ. आपल्याकडील कुलवृत्तांत किंवा त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या डोळ्यांसमोर आणल्या म्हणजे कल्पना येईल. अनेक कुळांत एका पिढीतील सर्व भावंडांच्या व चुलत भावंडांच्या नावांत एक अक्षर समान ठेवण्याची प्रथा होती. ती अक्षरे पिढ्यांच्या क्रमाने आधीच ठरवलेली असत. त्यामुळे नाव ऐकताच हा माणूस आपल्या काकांच्या पिढीचा की भावाच्या, हे गावातील वृद्धांना कळते. या वंशावळींत मुलींची नावे बहुधा आढळत नाहीत, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. नातीचा हिरमोड होतो. १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात असंख्य वंशावळी जाळल्या गेल्या. त्यांतून वाचलेल्यांचा मोठा संग्रह शांघायच्या ग्रंथालयात आहे.

आता एक प्रश्न, जो कॅथलिक कुटुंबाला विशेषत्वाने पडेल. गावी गेल्यावर नातेवाईक पूर्वजांच्या थडग्याशी नेतील, नामफलकासमोर उभे करतील आणि वाकून नमन करायला सांगतील. करावे की नाही? या एका प्रश्नावर ख्रिस्तसभेत शंभराहून अधिक वर्षे वाद चालला. १६१० साली पेकिंगमध्ये निवर्तलेले येशूसंघीय धर्मगुरू मत्तेओ रिच्ची यांचे मत असे होते की, पूर्वजांना वाकून नमन करणे हा मुलाने आई-वडिलांविषयी दाखवलेला आदर होय, ती पूजा नव्हे. इतर संघांच्या मिशनऱ्यांना ते पटले नाही. पोप अकरावे क्लेमेंट यांनी १७०४ व १७१५ मध्ये या विधींना मनाई केली आणि पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४२ मध्ये ती कायम करून चर्चाही बंद केली. सम्राट खांगशी यांनी १६९२ साली ख्रिस्ती धर्माला दिलेली मोकळीक १७२१ मध्ये काढून घेतली. आईच्या थडग्यापुढे वाकू नका असे ज्यांना सांगण्यात आले, त्या साध्या चिनी भाविकांच्या घरांत काय झाले असेल याचा विचार वाचकांनी करावा.

अखेर ८ डिसेंबर १९३९ रोजी, पोप बारावे पायस यांच्या संमतीने, रोमने नवा आदेश काढला. मृतांसमोर, त्यांच्या प्रतिमेसमोर किंवा केवळ नाव असलेल्या फलकासमोर मस्तक लववणे हा नागरी आदराचा भाग असून तो योग्य आहे, असे त्यात म्हटले. तेव्हा आजोबांच्या आई-वडिलांच्या थडग्याशी जाऊन झाडलोट करावी, फुले ठेवावीत, नमन करावे, आपली प्रार्थनाही म्हणावी. मृतांसाठी कागदी पैसे जाळणे किंवा त्यांना नैवेद्य दाखवून कौल मागणे यांत मात्र सहभागी होऊ नये. यजमानांना ते आधीच नम्रपणे सांगून ठेवावे, ऐन वेळी सर्वांसमोर नकार देऊन त्यांचा मान दुखवू नये. २ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत काय करतो हे त्यांना समजावून सांगितले, तर तेच तुम्हांला जवळचे मानतील.

आमच्या वाचकांपैकी कितीतरी घरे रेल्वे, पुलगावचे लष्करी भांडार, रुग्णालये वा शाळा यांच्या निमित्ताने बाहेरून वर्धा जिल्ह्यात आली. कोणी गोव्याचे, कोणी मंगळूर, केरळ, तमिळनाडू वा छोटा नागपूरचे. त्यांचा ज्यापू म्हणजे धर्मग्रामातील नोंदवह्या. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ साली स्नानसंस्कार व विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा नियम घातला, आणि तो आजही पाळला जातो. यातील खुबी अशी की, एक नोंद दुसरीकडे बोट दाखवते. आजी-आजोबांच्या विवाहाच्या नोंदीत त्यांचा स्नानसंस्कार कोठे झाला याचा उल्लेख सहसा असतो. त्या धर्मग्रामात गेले की स्नानसंस्काराच्या नोंदीत पणजोबा-पणजी, धर्मपिता, धर्ममाता भेटतात. तेथून आणखी मागे जाता येते. वर्ध्यात बसूनच पहिले पाऊल टाकता येते. गोव्यातील अनेक धर्मग्रामांची जुनी रजिस्टरे पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत व ती पोर्तुगीज भाषेत आहेत, हेही ध्यानी असावे. रविवारी सकाळी मिस्सा संपताच दहा माणसांनी धर्मगुरूंना गाठून १०० वर्षांपूर्वीची वही मागणे हा मार्ग नव्हे. दोन महिने आधी आपल्या प्रमुख धर्मगुरूंचे पत्र जोडून विनंती करावी, ठाऊक असलेली नावे व अंदाजे वर्षे लिहावीत.

चीनचा प्रवासच ठरला, तर काळ नीट निवडावा. पूर्वजांची थडगी झाडण्याचा छिंगमिंग हा सण ४-५ एप्रिलच्या सुमारास येतो, नेमका आपल्या मुलांच्या वार्षिक परीक्षांच्या वेळी. १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनापासूनचा आठवडा व चिनी नववर्षाचे दिवस गर्दीमुळे टाळलेलेच बरे. दिवाळीची सुटी उत्तम. दक्षिण चीनमध्ये तेव्हा उन्हाळा ओसरलेला असतो आणि ज्येष्ठांच्या सन्मानाचा छोंगयांग हा सणही पुष्कळदा त्याच सुमारास पडतो. २०२० पासून खंडित झालेली थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता ते ग्वांगझू या मार्गाने पुन्हा सुरू झाली. सी यिपचे चार तालुके व मेईश्यान हे दोन्ही भाग त्याच प्रांतात येतात. आजी-आजोबांसाठी विमान बदलण्याचा एक त्रास कमी होणे ही लहान गोष्ट नव्हे.

पासपोर्टचे काम वर्ध्याच्या रहिवाशांसाठी नागपूर कार्यालयाच्या अखत्यारीत येते. अल्पवयीन मुलांच्या अर्जास सहसा आई व वडील दोघांची संमती लागते आणि त्यांचा पासपोर्ट साधारणतः पाच वर्षांसाठी किंवा वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर, चालतो. सर्व पासपोर्टांवर आडनावाची अक्षरे सारखी आहेत ना, हे व्हिसाचा अर्ज भरण्यापूर्वी ताडून पाहावे. वांग छी यांच्यासारखे एकाच घरात दोन देशांचे नागरिक असतील तर परत येण्याच्या परवानगीची तजवीज जाण्याआधी करावी.

गावात नातेवाइकांच्या घरी मुक्काम करणाऱ्या परदेशी व्यक्तीने २४ तासांच्या आत स्थानिक पोलीस ठाण्यात नोंद करावी लागते. हॉटेलात हे काम हॉटेलवालेच करतात, घरी ते आपले आपण करावयाचे असते. आजोबांना घरी राहू द्यावे आणि बाकीच्यांनी तालुक्याच्या गावी हॉटेलात उतरावे, ही व्यवस्था आम्हांला बरी वाटते. रोज पाहुण्यांच्या गराड्यात वृद्ध माणूस थकतो, परंतु त्याला दुपारी जुन्या घराच्या ओसरीवर तासभर निजता आले पाहिजे. मुलांना त्या वेळात खायपिंगचे मनोरे दाखवता येतील. परदेशी गेलेल्या गावकऱ्यांनी पाठवलेल्या पैशांतून ते उभे राहिले, आणि २००७ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. संध्याकाळी परतल्यावर आजोबांच्या शेजारी बसून, त्या दिवशी भेटलेल्या प्रत्येकाचे नाव आणि नाते वहीत लिहून घ्यावे. अक्षरे यजमानांकडूनच लिहवून घ्यावीत.