नदी बंद झाली तर चूल कशी पेटणार?



जून-जुलैची ६१ दिवसांची बंदी आपल्या ट्रॉलरवाल्यांना नवीन नाही. ती सोसवते, कारण ती कधी उठणार हे ठाऊक असतं. पण उठण्याची तारीखच नसलेली बंदी आली तर? बांगलादेशातल्या नाफ नदीवर तेच झालं.

नाफ बांगलादेश आणि म्यानमारच्या सीमेवरून वाहते. २०१७ साली म्यानमारमधून लाखो रोहिंग्या जीव वाचवायला अलीकडे आले. याच नदीतून याबा नावाच्या नशेच्या गोळ्यांची तस्करीही चालायची. सरकारने सुरक्षेचं कारण देऊन टेकनाफच्या मच्छीमारांना नदीत मासेमारी बंद केली. बघता बघता सात वर्षं उलटली. होड्या काठावर पडून राहिल्या. गोळ्या मात्र येतच राहिल्या.

२०२५ च्या फेब्रुवारीत परवानगी मिळाली, तीही अटींवर: सकाळी ८ ते दुपारी ४, आपल्याच हद्दीत, सीमा चौकीवर ओळख पटवून आणि झडती देऊन. धोका खोटा नव्हता, आजही नाही. पलीकडची अराकान आर्मी मच्छीमारांना धरून नेते. पण आम्हाला एकच प्रश्न पडतो: याच अटी घालून पहिल्यापासून नदी खुली ठेवता आली नसती का?

सुरक्षा नको, असं आपण कधीच म्हणणार नाही. २६/११ चे अतिरेकी पोरबंदरची ‘कुबेर’ होडी बळकावूनच मुंबईकडे आले आणि त्या होडीचा तांडेल जिवाला मुकला. पहिला घाव आपल्याच माणसावर पडला. त्यानंतर ओळखपत्रं, होड्यांचे ठरावीक रंग, नोंदणी, सगळं आलं. कटकट वाटते, पण आपण तपासलेले आहोत हे दाखवायला हाच पुरावा आहे.

म्हणून उद्या आपल्या नदीचा एखादा पट्टा बंद करायचं ठरलं, तर आपण एकमुखाने मागायचं: हुकूम लेखी द्या. कुठून कुठपर्यंत, किती वाजता, कोणत्या तारखेपर्यंत, ते लिहा. बुडालेल्या दिवसांची भरपाई काय, तेही सांगा.

आणि आपल्या बाजूने? ओळखपत्र होडीवर असू द्या, नोंदणी नूतन करा. खलाशी नवा असेल तर त्याचे कागद आधी बघा. अनोळखी होडी दिसली तर तटरक्षक दलाला १५५४ वर कळवा.

कागद पक्के असले, तरच आपला शब्द पक्का.