कोठेंही नसलेला डोंगर

गेल्या दिवाळींत नातवानें संगणकावर आम्हांस एका डोंगराचें चित्र दाखविलें. तुटलेले कडे, खोल घळी, उतरणीवर लांबलेल्या सांवल्या. "ओळखा पाहूं, आजोबा!" लिंबागणेशांत जन्म काढलेला मनुष्य बालाघाटावांचून दुसरें काय सांगणार? तो हंसून म्हणाला, "हा डोंगर पृथ्वीवर कोठेंच नाहीं. हा केवळ गणितानें उभा केला आहे."

कृति विचारतां ती फार सोपी निघाली. एक त्रिकोण घ्यावा. त्याच्या तिन्ही बाजूंचे मध्यबिंदु, फांसा पडेल त्याप्रमाणें, थोडे वर किंवा खालीं सरकवून एकमेकांस जोडावे. म्हणजे एकाचे चार त्रिकोण होतात. त्या प्रत्येकावर तीच कृति करावी, मात्र सरकविण्याचें माप दर खेपेस कमी करीत जावें. दहा खेपांत १०,४८,५७६ त्रिकोण होतात. त्यांत छायाप्रकाश भरला कीं देखावा सिद्ध!

अशा आकृतींस बेन्वा मांडेलब्रो या गणितज्ञानें १९७५ सालीं 'फ्रॅक्टल' हें नांव दिलें. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'भंगलेला'. १९८० सालीं लॉरेन कार्पेंटर यांनीं अशाच काल्पनिक पर्वतांवरून उड्डाण घडविणारा सुमारें दोन मिनिटांचा चित्रपट तयार केला. यांतील मर्म इतकेंच कीं, अंशांत पूर्णाचें रूप असतें. आमच्या माळावरचा एखादा धोंडा डोळ्यांजवळ धरावा. त्यावरही कडे आणि घळी दिसतात. आपल्या शिल्पकारांसही ही दृष्टि होती. सिन्नरच्या गोंदेश्वराच्या शिखरावर लहान शिखरांच्या ओळी चढत गेल्या आहेत. आणि 'शिखर' हा शब्द तर पर्वताचाच!

परंतु आमच्या मनास लागलें तें निराळेंच. शिक्षक असतांना एका मुलानें पाटीवर डोंगर काढला. त्याची कड दांतेरी, वेडीवांकडी होती. आम्हीं ती पुसावयास लावून पट्टीनें दोन सरळ रेघा मारून दिल्या. मुलानें एकवार खिडकींतून समोरच्या टेकडीकडे पाहिलें आणि निमूटपणें पाटी पुसली.

त्यास आज चाळीस वर्षें झालीं. त्याचा डोंगर खरा होता. कोठेंही नसलेला डोंगर आमचा होता. घरोघरच्या वडील मंडळींस एवढेंच सांगणें कीं, मुलाची वांकडी रेघ पुसण्यापूर्वीं आपणही एकदां खिडकीबाहेर पाहावें.