पिस्तुलाचे कुलूप आणि घरातील मूल

अमेरिकेत १९७० च्या कायद्याने औषधांच्या बाटल्यांना मुलांना सहज न उघडणारी झाकणे आली. पिस्तुलांच्या बाबतीत मात्र हाच विचार वादग्रस्त ठरला. मेरीलँड राज्याने २००२ नंतर निर्मिलेल्या विक्रीयोग्य पिस्तुलांना अंगभूत कुलूप सक्तीचे केले. किल्ली फिरविली की गोळी सुटत नाही. ऐन संकटात विलंब होईल, हा विरोधकांचा आक्षेप. परंतु २०२० पासून तेथे १ ते १९ वयोगटातील मृत्यूंचे प्रथम कारण बंदूक हेच आहे. आक्षेप या पार्श्वभूमीवर तोलावयास हवा. तथापि बाटली बंद करताच झाकण अडते, कुलूप मात्र आठवणीने लावावे लागते. म्हणूनच रिकामे शस्त्र कुलपात आणि काडतुसे निराळ्या कुलपात ठेवावीत, हा तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला अंगभूत कुलपानंतरही अनिवार्यच ठरतो.