करवंटीतील स्वर

जयपूरजवळील आमेरच्या किल्ल्यावर जाणाऱ्या प्रवाशाच्या कानी रावणहत्थ्याचे सूर पुष्कळदा पडतात. राजस्थानातील भोपे पाबूजीची कथा गाताना हेच वाद्य वाजवितात. नारळाची करवंटी, तिच्यावर मढविलेले बकऱ्याचे कातडे, बांबूची दांडी, घोड्याचे केस आणि पोलादी तारा, एवढीच त्याची मुख्य सामग्री होय.

नुसती ताणलेली तार छेडली असता स्वर क्षीण येतो. कारण बारीक तारेने फारच थोडी हवा हालते. रावणहत्थ्यात तारेची कंपने घोडीवाटे कातड्याकडे जातात. कातड्याचा पृष्ठभाग विस्तृत असल्यामुळे पुष्कळ हवा कंप पावते, करवंटीतील हवाही तिला साथ देते आणि स्वर मोठा होतो.

हे तत्त्व घरीही पडताळता येते. पत्र्याच्या रिकाम्या डब्याला झाकणाच्या किंचित खाली समोरासमोर दोन छिद्रे वडील माणसाकडून पाडून घ्यावीत व त्यांतून काठी आरपार घालावी. काठीच्या दोन्ही टोकांस एक बारीक तार ताणून बांधावी आणि झाकणावर, तारेखाली, लाकडाच्या तुकड्याची घोडी उभी करावी. घोडी व वरचे टोक यांच्या बरोबर मध्यावर बोट हलकेच टेकवून तार छेडल्यास दुप्पट कंपनसंख्येचा, म्हणजे वरच्या सप्तकातील, स्वर निघतो. लांबी तीच ठेवून तो काढावयाचा तर ताण चौपट करावा लागतो. फ्रेंच विद्वान मेर्सेन याने हे नियम १६३६ साली ग्रंथरूपाने मांडले. मोलाची सतार आणि फुकटचा डबा, दोहोंनाही ते सारखेच लागू पडतात.