चेहरा दाखवू नका

'छोरी २' एप्रिल २०२५मध्ये प्राइमवर आला, तेव्हा घरातल्या एका कॉलेजकन्येने मला माहिती पुरवली, की 'छोरी'ची मराठीतही नक्कल झाली आहे, 'लपाछपी' नावाची. उलटी गंगा! 'लपाछपी' २०१७चा, 'छोरी' २०२१चा आणि दोन्ही विशाल फुरियाचेच. दिग्दर्शकाने आपलीच गोष्ट हिंदीत पुन्हा सांगितली, त्यामुळे चोरीबिरीचा प्रश्न नाही. पूजा सावंतच्या जागी नुसरत भरुचा आली, उषा नाईकांच्या जागी मीता वशिष्ठ. मीता वशिष्ठ चांगल्याच आहेत. पण उषा नाईकांची म्हातारी आपल्यातली वाटते, तिच्या लाघवाचीच भीती वाटते. ऊस दोन्हीकडे आहे. आमच्याकडे जुन्नरच्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते, तिथे दिवसाढवळ्याही माणूस फडात शिरताना कचरतो. हिंदीतला ऊस मला सेटसारखा वाटला.

रिमेकबद्दल माझं मन कलुषित झालं ते मात्र फार आधी. 'सायको'ची १९९८ची रंगीत आवृत्ती मी एका वाक्यात सोडतो: हिचकॉकचं शॉटमागून शॉट गिरवूनही गस व्हॅन सँटच्या हाती काही लागलं नाही. त्याच वर्षी जपानमध्ये हिदेओ नाकाताचा 'रिंगू' आला, आणि पुढची दहा वर्षं भुतांच्या सिनेमावर जपानचं राज्य होतं.

आमच्यापर्यंत ते राज्य सीडी लायब्ररीतून पोचलं. 'रिंग' मागितला की दुकानदार २००२चा अमेरिकन काढून द्यायचा. जपानी हवाय म्हटलं की "त्यात काही होत नाही हं" असं बजावायचा. बिचारा दुकानदार तरी परवडला. तेव्हाचे आमचे सिनेमापंडितही तेच म्हणत होते. 'जपानी संथ आहे, अमेरिकन टेक्निकली सरस.' हे 'टेक्निकली सरस' मी अजून विसरलेलो नाही.

'रिंगू' दीड तासाच्या जरासा वर, गोर व्हर्बिन्स्कीचा 'द रिंग' जवळपास दोन तास. मधल्या वेळात काय भरलं? खुलासे. मूळ सिनेमातली शापित टेप बघा: आरशासमोर केस विंचरणारी बाई, वळवळणारी वर्तमानपत्रातली अक्षरं, डोक्यावर कापड घेऊन बोट दाखवणारा माणूस. यातल्या काहींचा अर्थ शेवटपर्यंत नीट लागत नाही आणि म्हणूनच रात्री झोप लागत नाही. अमेरिकन टेपमधली जवळजवळ प्रत्येक चौकट म्हणजे पुरावा. शिडी का, घोडे का, सगळ्याची पावती मिळते. घोड्यांवरून आठवलं, फेरीबोटीवर बिथरलेल्या घोड्याचा प्रसंग मात्र जबरदस्त आहे, तसा मूळ सिनेमात नाही. नाओमी वॉट्सही मन लावून काम करते. तेवढं श्रेय देतो.

पण टीव्हीतून बाहेर येणारी मुलगी? जपानी सादाको झालेली रिए इनो काबुकी शिकलेली नटी. तिला उलटं चालायला लावून ते चित्रण उलट्या दिशेने फिरवलं, म्हणून ती चाल माणसाची वाटत नाही. एवढ्याशा युक्तीवर काम भागलं. अखेरीस दिसतो तो फक्त केसांआडचा एक डोळा. अमेरिकन समाराचा मात्र चेहरा दाखवला, आणि तोही रिक बेकरसारख्या मातब्बराने रंगवलेला. मेकअप कितीही भारी असला, तरी चेहरा एकदा दिसला की भूत संपलं, पाहुणी उरली.

धंदा मात्र जोरात झाला. सुमारे पाच कोटी डॉलर घालून जवळपास पंचवीस कोटी आले. मग काय, रांगच लागली. २००४मध्ये 'द ग्रज', तोही मूळ दिग्दर्शक ताकाशी शिमिझूकडूनच. २००५मध्ये 'डार्क वॉटर'. २००६मध्ये कियोशी कुरोसावाच्या 'काइरो'चा 'पल्स', ज्यात एकटेपणाची भीती जाऊन नुसता नेटवर्कचा घोळ उरला. २००८मध्ये 'वन मिस्ड कॉल', 'द आय', 'शटर' असे तीन एकदम. तोवर जपान संपून थायलंड-हाँगकाँगही उपसून झाले होते. आम्हीही मागे नव्हतो. 'द आय'वरून ऊर्मिलाचा 'नैना' २००५मध्येच आला, थाई 'शटर'वरून श्रेयस तळपदेचा 'क्लिक' २०१०मध्ये. ज्या ऊर्मिलाने 'भूत'मध्ये नुसत्या नजरेने थिएटर गारठवलं होतं, तिला उसन्या कथेत अडकवलं याचा राग मला 'नैना'पेक्षा जास्त काळ पुरला.

जपानने तरी आपली भुतं जपली का? २०१२मध्ये 'सादाको थ्रीडी'च्या जाहिरातीसाठी सादाकोला टोकियो डोममध्ये बेसबॉल सामन्याचा पहिला चेंडू टाकायला उभं केलं. २०१५च्या एक एप्रिलला सादाको आणि 'ग्रज'वाली कायाको यांच्या झुंजीची घोषणा झाली. ती एप्रिल फूलची थट्टा होती. प्रेक्षकांनी ती किती मनावर घेतली कोण जाणे. निर्मात्यांनी घेतली, आणि पुढच्या वर्षी सिनेमा लागला.