मूर्तीवरील विश्वासाची व्यर्थता : यशयाच्या ग्रंथातील युक्तिवाद

इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले व यहूदातील अनेकांना बंदिवान करून नेले. राजा हरला म्हणजे त्याचा देवही हरला, ही त्या काळाची सर्वसाधारण धारणा होती. मग ज्याला मूर्ती नाही आणि आता मंदिरही नाही, अशा देवावर विसंबावे कसे? यशयाच्या ग्रंथातील ४० ते ५५ हे अध्याय बहुसंख्य अभ्यासक याच बंदिवासाच्या काळातील मानतात. तेथील मूर्तिविषयक टीका या प्रश्नाच्या संदर्भातच वाचावयास हवी.

४४ व्या अध्यायातील कारागीर लाकडाच्या अर्ध्या भागावर भाकर भाजतो आणि उरलेल्याचा देव करून त्यापुढे लोटांगण घालतो. हा उपहास बाबेलच्या धर्माला न्याय देत नाही, हा आक्षेप काही अंशी रास्त आहे. मेसोपोटेमियातील मुखप्रक्षालन विधीत लाकडी सुरीने कारागिराचे हात प्रतीकात्मक रीतीने तोडले जात व मूर्ती आपण घडविली नाही, अशी शपथ तो घेई. म्हणजे मूर्ती हे केवळ लाकूड नव्हे, असेच तेथील पुरोहितही मानत. परंतु संदेष्ट्याने नेमके या नाकारलेल्या हातांवरच बोट ठेवले आहे.

४६ व्या अध्यायातील युक्तिवाद मला अधिक मूलगामी वाटतो. बेल व नबो यांच्या मूर्ती थकलेल्या जनावरांवर लादल्या आहेत. ओझे वाचविणे त्यांना शक्य नाही, त्या स्वतःच बंदिवासात जातात. उलट, इस्राएलचा देव आपल्या प्रजेला जन्मापासून केस पिकेपर्यंत वाहून नेतो. येथे प्रश्न लाकडाचा वा सोन्याचा नाही. कोण कोणास वाहतो, हा आहे.

हे चित्र इतिहासात शब्दशः उतरले नाही, हेही नमूद केले पाहिजे. बाबेलचा राजा नबोनिडस याने इतर नगरांतील मूर्ती राजधानीत आणविल्या होत्या, तरी इ.स.पू. ५३९ मध्ये नगर कोरेशाच्या हाती गेले. मर्दुकाची, म्हणजेच बेलाची, पूजा मात्र खंडित झाली नाही. १८७९ मध्ये सापडलेल्या कोरेशाच्या मृत्तिकालेखात या विजयाचे श्रेय मर्दुकालाच दिले आहे. यशयाचा ४५ वा अध्याय त्याच कोरेशाला परमेश्वराचा अभिषिक्त म्हणतो.

ही टीका केवळ परक्यांच्या देवांपुरती नव्हती. मोशेने केलेल्या पितळी सर्पापुढे लोक धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. यिर्मयाने तर मंदिराच्या दारातच उभे राहून, या मंदिराच्या भरवशावर निर्धास्त राहणे फसवे आहे, असे बजावले. बाबेलच्या सैन्याने जाळले ते हेच मंदिर.