राजकन्या ऑलिव्ह आणि सह्यांचा घोळ

सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नलवर सरांची सही हुबेहूब काढून देणारे कलाकार प्रत्येक होस्टेलमध्ये असतात. (नावं विचारू नका!) मी सांगतेय ती गोष्टही एका कलाकाराची आणि सह्यांचीच आहे. फरक इतकाच, की तिच्या कागदांवर सही होती ती खुद्द इंग्लंडच्या राजाची.

तिचं नाव ऑलिव्हिया विल्मट. जन्म १७७२, गाव वॉरिक. वडील घरं रंगवणारे. लहानपणी ती पाद्री असलेल्या काकांकडे राहिली. चित्रकला शिकली ती जॉन थॉमस सेरेसकडे. हा राजाचा दर्यावर्दी चित्रकार, म्हणजे जहाजं आणि समुद्र रंगवणारा. १७९१ मध्ये तिने या गुरूशीच लग्न केलं, पण १८०४ मध्ये दोघं वेगळी झाली. तिची निसर्गचित्रं रॉयल अकॅडमीत लागली आणि १८०६ मध्ये ती युवराजांची निसर्गचित्रकार म्हणून नेमली गेली. एका रंगाऱ्याच्या मुलीने त्या काळात इथवर पोचणं म्हणजे खायचं काम नव्हतं! मला खरं वाईट वाटतं ते इथेच. एवढं सगळं स्वतःच्या हाताने मिळवलेलं, आणि तेच तिला कमी वाटलं.

१८१७ मध्ये तिने अर्ज केला, की मी राजाचा दिवंगत भाऊ ड्यूक ऑफ कंबरलँड याची अनौरस मुलगी आहे. १८२० मध्ये तिसरा जॉर्ज वारला आणि गोष्ट अपग्रेड झाली. आता ती औरस! ड्यूकने तिच्या आईशी गुपचूप लग्न केलं होतं म्हणे. ही आई कोण, तर त्याच पाद्री काकांची मुलगी. आणि काकांची बायको? पोलंडच्या राजाची बहीण. थोडक्यात काका एका रात्रीत आजोबा झाले. पुरावा म्हणून कागद होतेच, त्यावर माजी पंतप्रधान लॉर्ड चॅटमचीही सही. कागद बाहेर आले तेव्हा चॅटम जाऊन चाळीस वर्षं उलटली होती. आता विचारायचं कोणाला?

१८२१ मध्ये, वयाच्या ४९ व्या वर्षी, तिने ड्यूकची मुलगी म्हणून पुन्हा बाप्तिस्मा करून घेतला. गाडीवर राजचिन्ह, नोकरांना राजघराण्याचा पोशाख. कर्जापायी अटक झाली तेव्हाही ‘राजघराण्यातल्या माणसाला अटक करता येत नाही’ हाच पवित्रा. १८२३ मध्ये रॉबर्ट पील यांनी पार्लमेंटमध्ये तिचा दावा खोडून काढला. १८३४ मध्ये ती वारली, तीही कर्जदारांच्या तुरुंगाच्या हद्दीत.

हसू नका. शाळेत माझ्या वर्गातल्या मुली गाडीतून यायच्या. आमच्याकडेही गाडी आहे, फक्त ती गावी असते, असं मी पाचवीत सांगितलं होतं. मग तिचा रंग ठरवावा लागला, मग ड्रायव्हरचं नाव. पुढे पुढे मलाच ती गाडी दिसायला लागली. ऑलिव्हियालाही शेवटी आपण राजकन्या आहोत हे खरंच वाटत असावं.

तिची मुलगी लॅव्हिनिया आईचेच कागद घेऊन १८६६ मध्ये कोर्टात गेली. सरकारी बाजू पुरती ऐकायचीही ज्यूरीला गरज वाटली नाही. सह्या बनावट आहेत, असा त्यांनी एकमताने निर्णय दिला. लॅव्हिनिया तेव्हा साठी ओलांडलेली बाई होती.